सलामीचा सामना आणि ‘तुमचा’ संघ

२२ नोव्हेंबर २०२२, मंगळवार. जालना जिल्ह्यातल्या आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत शेवटचे दोन तास उरले होते. आठवीच्या वर्गात आम्ही इतिहास शिकवीत होतो आणि मुलांचे लक्ष इतिहासात नव्हते. कतारमध्ये विश्वचषक फुटबॉल स्पर्धा सुरू होऊन दोन दिवस झाले होते. त्या दिवशी आपल्या वेळेनुसार दुपारी साडेतीनला अर्जेंटिनाचा सलामीचा सामना होता. समोर सौदी अरेबिया. तीन-चार मुले तर गणवेशाच्या आत मेस्सीच्या नावाचा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून आली होती. ते आमच्या लक्षात आले होते, पण आम्ही न पाहिल्यासारखे केले.

सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल-नसेल, शिपाईचाचा व्हरांड्यातून जाता जाता एक बोट वर करून गेले. वर्गात खुसपुस झाली. मेस्सीने पेनल्टीवर गोल केला होता. पावणेपाचच्या सुमारास चाचा पुन्हा आले, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हाताची दोन बोटे वर होती आणि त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नव्हता. पाचला शाळा सुटली आणि मुले कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानाकडे धावली. आम्हीही मागोमाग गेलो, हे कबूल केले पाहिजे. सौदी अरेबियाने दोन विरुद्ध एक असा सामना जिंकला. त्याआधी अर्जेंटिना सलग ३६ सामन्यांत हरलेली नव्हती.

त्या दुकानासमोर आम्ही जे पाहिले ते असे. मेस्सीचा शर्ट घातलेला एक मुलगा भिंतीकडे तोंड करून रडत होता. दोघे-तिघे टाळ्या वाजवीत होते. एकाला काय करावे हेच कळेना. त्याचे वडील जेद्दाहला ड्रायव्हर आहेत आणि त्याच्या वहीवर चित्र मेस्सीचे आहे. बाकीची मुले बचावात कोण चुकले यावर भांडत होती. फटाके वगैरे काही वाजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ओळखीचे एक गृहस्थ भेटले. माणूस भला आहे, अडीअडचणीला धावून येणारा आहे. हसत हसत म्हणाले, “काय सर, काल तुमच्याकडे दिवाळी झाली म्हणे! तुमचा संघ जिंकला.” आम्हीही हसलो आणि चहा प्यालो. पण त्यांचा तो ‘तुमचा’ मात्र चहाबरोबर घशाखाली उतरला नाही. केरळात कोझिकोडजवळच्या पुल्लावूरला त्याच दिवसांत लोकांनी नदीत मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे उंचच उंच पुतळेवजा फलक उभे केले होते. कोलकात्यात गल्ल्याच्या गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या रंगांनी रंगतात. आपल्या कोल्हापुरात, जिथे पेठापेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर जीव तोडून खेळतात, तिथेही विश्वचषकाच्या दिवसांत चौकाचौकांत परदेशी खेळाडूंचे फलक लागतात. तिथे कोणी कोणाला ‘तुमचा संघ’ म्हणून टोकत नाही. मग आमचा संघ कोणता? प्रश्न विचारलाच गेला आहे, तर त्याचे उत्तर इतिहासात शोधावे, असे आम्ही ठरवले.

ही गोष्ट ३१ जुलै १९४८ पासून सुरू करावी लागते. त्या दिवशी लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाने आपला पहिला सामना खेळला. प्रतिस्पर्धी फ्रान्स. कर्णधार होते नागा भूमीतले डॉक्टर तालिमेरेन आओ. बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळले. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि शेवटच्या मिनिटांत गोल बसून भारत दोन विरुद्ध एक असा हरला. पण त्या दिवशी आपले जालना भारतात नव्हते! ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबरला संस्थान भारतात विलीन झाले. त्या आधीचे रझाकारांचे अत्याचार आणि नंतरचे सूडाचे दिवस, दोन्ही मराठवाड्याने भोगले. दोन्हींत निरपराध माणसे भरडली गेली. त्या काळात फुटबॉलची आठवण कोणाला असणार? मात्र त्यानंतर मराठवाड्यातल्या मुसलमानाच्या मनात जो प्रश्न घर करून बसला, तो हाच होता : आता आपण कोणाचे आणि कोण आपले?

याचे एक उत्तर, कोणी न मागता, फुटबॉलच्या मैदानातून आले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईच्या कूपरेज मैदानावरचा रोव्हर्स कप हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने जिंकला. दोनच वर्षांपूर्वी ज्या संस्थानाचे नाव संशयाने घेतले जात होते, तिथले शिपाई-जमादार देशातल्या मोठमोठ्या क्लबांना हरवीत होते आणि तिथूनच भारतीय संघात जात होते. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन ही नावे त्यातलीच. या संघाचे गुरू होते सय्यद अब्दुल रहीम. सारे त्यांना रहीमसाहेब म्हणत.

रहीमसाहेबांविषयी एक गोष्ट आमच्या शिक्षकबांधवांना तरी ठाऊक असावी. १९०९ मध्ये हैदराबादेत जन्मलेला हा माणूस मुळात शाळामास्तर होता. उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देणाऱ्या उस्मानिया विद्यापीठातून ते पदवीधर झाले आणि काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांत त्यांनी शिकवले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. काचीगुडा म्हणजे तेच स्टेशन, जिथे आपल्या जालन्याहून जाणारी रेल्वे पोहोचते. ज्यांनी भारताला फुटबॉल शिकवला ते आमच्यासारख्याच शाळांतले, आमच्याच रेल्वेमार्गावरच्या शेवटच्या स्टेशनाजवळचे एक मास्तर होते.

त्यांची शिकवण्याची रीतही मास्तराचीच होती. ते तऱ्हेतऱ्हेच्या छोट्या स्पर्धा भरवीत. एका स्पर्धेत चेंडू पायात घोळवत न्यायला मनाई, तो लगेच दुसऱ्याला द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत फक्त कमजोर पायाने खेळायचे. ज्या पोराला आपल्या उजव्या पायाचा गर्व आहे त्याला डावा पाय शिकवायचा, हे वर्गात शिकवणाऱ्यालाच सुचते.

रहीमसाहेबांचे सलामीचे सामने नेहमीच चांगले गेले असे मात्र नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पहिल्याच सामन्यात युगोस्लाव्हियाने भारताचा दहा विरुद्ध एक असा धुव्वा उडवला. गारठ्यात आपले बरेचसे खेळाडू अनवाणीच होते. आजही ‘बूट नव्हते म्हणून भारत १९५० च्या विश्वचषकाला गेला नाही’ अशी कथा सांगितली जाते. ती खरी नाही. त्या वेळी महासंघाने सरावाला वेळ नाही आणि संघनिवडीच्या अडचणी आहेत, अशी कारणे दिली होती आणि ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचे मोलही फारसे कोणी जाणले नव्हते. बुटांचा धडा खरा मिळाला तो हेलसिंकीत. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

आणि मग आले १९५६. या वर्षाशी आपल्या जिल्ह्याचे खास नाते आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडावे लागले. तर १ नोव्हेंबरला आपण हैदराबादचे मुंबईचे झालो आणि बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचा पहिला सामना झाला. त्याआधीच्या फेरीतून हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत होता. समोर होते यजमान ऑस्ट्रेलिया.

आमच्या गावात एक निवृत्त मास्तरसाहेब आहेत. वय ऐंशीच्या पुढे आहे. १९५६ साली ते अकरा-बारा वर्षांचे होते. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. त्यांचे वालिद स्टेशनजवळच्या एका हॉटेलात बसत. हैदराबादची उर्दू वर्तमानपत्रे रेल्वेने यायची. एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, अशी रीत होती. मेलबर्नची बातमी आली तेव्हा तिथे बिडीकामगार होते, मोंढ्यातले हमाल होते, एक मारवाडी कापडवाले होते. भारताने ऑस्ट्रेलियाला चार विरुद्ध दोन असे हरवले होते. त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोलांची हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. चौथा गोल किट्टूंचा. कर्णधार समर बॅनर्जी, प्रशिक्षक रहीमसाहेब.

मास्तरसाहेब म्हणतात, बातमी संपल्यावर वाद पेटला. एक म्हणाला, रहीमसाब हैदराबादचे, म्हणजे जीत आपली. दुसरा म्हणाला, अरे, आता आपण हैदराबादचे कुठे राहिलो, आपण तर मुंबईवाले. त्यावर वालिद म्हणाले, “तो फिर और अच्छा। उस्ताद अपने पुराने घर का, गोल मारनेवाला नये घर का।” नेव्हिल डिसोझा गोव्याच्या मातीतले आणि मुंबईच्या मैदानांवर वाढलेले. सारे हसले, आणि त्या दिवशीच्या चहाचे पैसे कापडवाल्यांनी दिले.

आम्हाला ही हकीकत फार मोलाची वाटते. राज्य बदलले, राजधानी बदलली, कचेरीची भाषा बदलायला लागली, तरी संघ आपलाच राहिला. उलट तो दोन्ही बाजूंनी आपला झाला. भारत पुढे युगोस्लाव्हिया आणि बल्गेरियाकडून हरला आणि चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमधली भारताची ही आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे.

रहीमसाहेबांचा शेवटचा मोठा धडा १९६२ चा आहे, आणि तोही सलामीच्या सामन्यातूनच सुरू होतो. जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून शून्य विरुद्ध दोन असा हरला. बाहेर वातावरण तापलेले होते. इस्रायल आणि तैवान यांना यजमानांनी स्पर्धेत येऊ दिले नव्हते. त्याविरुद्ध भारताचे क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी बोलले होते. त्यामुळे प्रेक्षक भारतीय संघावर चिडले होते. रहीमसाहेबांना फुप्फुसांचा कर्करोग झाला होता. पण पहिल्या पराभवानंतर त्यांचा संघ पुन्हा हरला नाही. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात पुन्हा तोच दक्षिण कोरिया समोर आला. डोक्याला टाके पडलेले जर्नेलसिंग बचावातून पुढे खेळायला आले आणि त्याच डोक्याने त्यांनी गोल केला. दुसरा पी. के. बॅनर्जींचा. हजारो लोकांच्या हुर्योत भारताने दोन विरुद्ध एक असा विजय मिळवला. पुढच्या वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीमसाहेब वारले. २०२४ मध्ये ‘मैदान’ हा चित्रपट आला तेव्हा आमच्या बऱ्याच मुलांना त्यांचे नाव पहिल्यांदा कळले. शिक्षक म्हणून याची आम्हाला शरम वाटली.

त्यानंतर भारतीय फुटबॉल हळूहळू उतरणीला लागला. आपला संघ मोठ्या स्पर्धांत दिसेनासा झाला आणि नेमके त्याच काळात घरात टीव्ही आला. १९८६ ची मेक्सिकोतील स्पर्धा दूरदर्शनवरून घराघरांत पोहोचली. आपला संघ नाही, पण सामने तर रंगतदार. मग प्रेक्षक कोणाच्या बाजूने बसणार? आमचे अब्बा सांगतात, १९९० च्या सलामीच्या सामन्यात जगज्जेत्या अर्जेंटिनासमोर कॅमेरून होता. मोहल्ल्यातल्या एकुलत्या एक रंगीत टीव्हीसमोर सारे मॅराडोनासाठी जमले होते. कॅमेरूनचे दोन खेळाडू मैदानाबाहेर काढले गेले, उरले नऊ, आणि तरी कॅमेरून एक विरुद्ध शून्य जिंकला. सामना संपेपर्यंत मॅराडोनासाठी आलेली माणसे कॅमेरूनसाठी उभी होती.

३१ मे २००२ ची गोष्ट आमच्या स्वतःच्या डोळ्यांपुढची. शुक्रवार होता, उन्हाळ्याची सुटी होती, आम्ही चौदा वर्षांचे होतो. सायंकाळी पाचला सोलमध्ये जगज्जेता फ्रान्स आणि पहिल्यांदाच विश्वचषकात आलेला सेनेगल यांचा सलामीचा सामना सुरू झाला. सेनेगल १९६० पर्यंत फ्रान्सच्या गुलामीत होता आणि त्याचे बहुतेक खेळाडू फ्रान्सच्याच क्लबांतून खेळत. पापा बुबा डिओपने गोल केला आणि सेनेगल एक विरुद्ध शून्य जिंकला. मगरिबच्या अजानीच्या थोडे आधी सामना संपला. त्या आनंदात आम्ही बाहेर आलो तर शेजारच्या गल्लीतली गणेश मंडळाची पोरेही नाचतच बाहेर आली होती. सेनेगल हा मुस्लिम बहुसंख्य देश आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि आम्हालाही नव्हते. आम्हा साऱ्यांना एवढेच कळले होते की ज्याला कोणी मोजत नव्हते, तो जिंकला.

सलामीच्या सामन्याची गंमत इथे आहे. अंतिम सामन्यापर्यंत बहुतेकदा बलाढ्यच पोहोचतात. पण पहिल्या दिवशी सगळ्यांचे गुण शून्य असतात आणि दुबळ्याला आशा करण्याचा हक्क असतो. सौदी अरेबियाच्या विजयावर टाळ्या वाजवणाऱ्या मुलांच्या मनात थोडी धर्माची ओढ नव्हतीच, असे आम्ही म्हणणार नाही. मक्का-मदिनेच्या देशाविषयी ओढ असते, आखाती देशात वडील-चुलते राबत असतात. पण तेवढीच ओढ असती तर मेस्सीसाठी रडणारा मुलगा कुठून आला असता? आणि त्याच स्पर्धेच्या पहिल्या दिवशी, २० नोव्हेंबरला, इक्वेडोरने यजमान कतारला दोन विरुद्ध शून्य असे हरवले, तेव्हा आमच्या मुलांनी शोक का केला नाही? सलामीच्या सामन्यात हरणारा कतार हा विश्वचषकाच्या इतिहासातला पहिला यजमान. मुले दुसऱ्या दिवशी त्याच्या बचावाची टिंगल करीत होती.

आता आपल्याच संघाच्या एका सलामीच्या सामन्याविषयी. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्याच्या आधी, १५ सप्टेंबरला, महाराष्ट्र शासनाने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम घेतला. शाळाशाळांना चेंडू दिले गेले. आमच्या शाळेलाही मिळाले. शुक्रवार असल्याने जुम्याच्या नमाजेआधीच आम्ही खेळ उरकला. शाळेला मैदान नाही, पटांगण म्हणावे एवढी जागा आहे. त्यातच मुले धावली. मग सातवीतल्या दोन मुली पुढे आल्या आणि म्हणाल्या, “सर, हम भी खेलेंगे।” आमच्यातल्या काहींनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. मुख्याध्यापकांनी होकार दिला. ओढण्या कमरेला बांधून मुली खेळल्या आणि त्यांच्यातल्या एकीने मारलेला चेंडू थेट शिक्षकांच्या खोलीत आला.

६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत भारताचा पहिला सामना अमेरिकेशी झाला. फिफाच्या कोणत्याही वयोगटाच्या विश्वचषकात भारत प्रथमच खेळत होता. संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, मणिपूरची मुले होती, बंगालचा रहीम अली होता. रात्री आठला आमच्या गल्लीत मोजकीच माणसे टीव्हीपुढे बसली होती. भारत शून्य विरुद्ध तीन असा हरला. एक पोरगा म्हणाला, “सर, अपने हार गये।” तो ‘अपने’ म्हणाला. कोणी त्याला शिकवले नव्हते, कोणी त्याची परीक्षाही घेत नव्हते. तीन दिवसांनी कोलंबियाविरुद्ध जॅक्सनसिंगने भारताचा पहिला गोल केला, तेव्हा तोच पोरगा आमच्या दारावर थाप मारून गेला.

टपरीवरच्या त्या गृहस्थांना आम्ही यातले काही अजून सांगितलेले नाही. एका कपाच्या चहात हे सारे मावणारे नाही. पण सांगायचे आहे ते एवढेच की, आमचा संघ १ डिसेंबर १९५६ रोजी ठरलेला आहे. स्टेशनजवळच्या हॉटेलात मोठ्याने वाचून दाखवलेल्या बातमीतच तो ठरला. तो संघ विश्वचषकात जात नाही, म्हणून आमची आणि तुमची मुले उसने संघ घेऊन बसतात. तुमच्या मुलाचा ब्राझील, आमच्या मुलाचा अर्जेंटिना. आणि ज्या अर्जेंटिनाला सौदीने पहिल्या सामन्यात हरवले, तिनेच १८ डिसेंबर २०२२ रोजी फ्रान्सला हरवून विश्वचषक जिंकला, जसा १९६२ मध्ये रहीमसाहेबांच्या संघाने पहिला सामना गमावून सुवर्णपदक जिंकले होते. भिंतीकडे तोंड करून रडलेला आमचा मुलगा त्या रात्री किती वाजता झोपला कोण जाणे.

दोष आमच्याकडेही आहे. ‘तुमचा संघ’ म्हटल्यावर हसून चहा पिणारे आम्हीच. आणि रहीमसाहेबांसारखा मास्तर आपल्याच बिरादरीत होऊन गेला हे मुलांना चित्रपटातून कळू देणारेही आम्हीच. उर्दू शाळेत इतिहास शिकवायचा आणि हा इतिहास वगळायचा, हे बरे नाही.

२०१७ चा एक चेंडू अजून शाळेत आहे. त्याचा ब्लॅडर दोनदा बदलला आहे. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर आम्ही मुलांना पटांगणात घेतो. जागा इतकी अपुरी आहे की धावत चेंडू नेला तर भिंतच येते. म्हणून आम्ही रहीमसाहेबांचा नियम लावला आहे : चेंडू घोळवायचा नाही, लगेच दुसऱ्याला द्यायचा. मागच्या आठवड्यापासून दुसरा नियमही सुरू केला, फक्त डाव्या पायाने. मुले कुरकुर करतात, पडतात, हसतात. शेजारच्या मराठी शाळेतली चार मुलेही आता येऊ लागली आहेत. संघ पाडताना अडचण होते, कारण दोन्हीकडच्या मुलांना एकाच संघात खेळायचे असते.